खिडकीतल्या काकू

झुलाल सरांना कुणी नुसतं "काय चाललंय सर" असं विचारलं तरी ते आधी चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, "रोज की आत्ता?" विचारणारा पिंप्राळ्यातला दूधवाला असो, बँकेतला साहेब असो की लग्नात भेटलेला लांबचा व्याही, सुटका नसे. रोजचं विचारत असाल तर उत्तर वेगळं, आत्ताचं विचारत असाल तर वेगळं. एकदा अनुभव घेतलेली माणसं पुढच्या वेळी लांबूनच हात हलवून निघून जात. सरांना वाटे, निवृत्त झालो तरी आपला दरारा आहे.

हा आजार त्यांना नोकरीत जडला. धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या हायस्कूलात त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं, आणि इंग्रजीतही मनापासून शिकवले ते दोनच काळ, साधा वर्तमान आणि चालू वर्तमान. बाकीचे काळ ते शिकवत, पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी द्यावं तितपतच. त्यांचं म्हणणं असं की भूतकाळ माणसाच्या आपोआप ध्यानात राहतो, भविष्य कुणालाच कळत नाही, तेव्हा वर्तमान तरी नीट यायला हवा.

नियम सोपा होता. जे रोज घडतं, नेहमी खरं असतं, ते साधं. जे या घटकेला डोळ्यांसमोर चाललंय ते चालू, त्याला 'आयएनजी'ची शेपटी. गावातल्या पोरांना हे पुस्तकी मराठीतून काही केल्या कळेना, कारण मराठीत "तो खातो" म्हटलं की रोजचंही चालतं आणि ताटावर बसलेला असला तरी चालतं. सरांनी मग पोरांच्या घरचीच बोली पुढे केली. "करस म्हणजे रोजचं, करी राहिनी म्हणजे आत्ताचं," असं सांगितल्याबरोबर शेवटच्या बाकावरचा नवलसुद्धा "हात्तिच्या" म्हणाला. इन्स्पेक्टर आले की मात्र सर ही युक्ती फळ्यावरून पुसून टाकत. अहिराणीतून इंग्रजी शिकवतो हे वर कळलं तर काय घ्या.

खरी पंचाईत उदाहरणांची झाली. पुस्तकात होतं, नदी वाहते. सरांनी विलायती नदीऐवजी आपली पांझरा घेतली आणि पोरं खो खो हसायला लागली, कारण पांझरेच्या पात्रात तेव्हा क्रिकेटची मॅच चालू होती. दुसरं उदाहरण, शिपाई रोज घंटा वाजवतो. शाळेचा शिपाई लोटन हा स्वतःच्या मर्जीचा राजा, आला तर आला. बस रोज येते, असं लिहून सर वळले तर मागून आवाज आला, "सर, कधी?" वीज, नळ, ग्रामसेवक, सगळ्यांवरून वाक्यं करून पाहिली, एकही महिनाभर टिकेना. नेहमी खरं असणारं असं गावात काहीच नाही की काय, या विचारानं सर खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि त्यांना समोर बायको दिसली.

दहावीचा वर्ग शाळेच्या टोकाला होता. मध्ये एक बोळ, आणि पलीकडे सरांची भाड्याची खोली. खोलीपुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत चूल. मधल्या सुट्टीत सरांना तव्यावरची भाकर लागे, म्हणून सुट्टीच्या आधीच्या तासाला वच्छलाबाई चुलीपुढे असणार म्हणजे असणारच. उन्हाळा असो, माहेरचं कुणी गेलेलं असो, अंगात ताप असो. सरांनी वळून फळ्यावर लिहिलं, "काकू मेक्स भाकरी एव्हरी डे." मग पोरांना खिडकीत बोलावलं आणि बोट दाखवून म्हणाले, "लुक. काकू इज मेकिंग भाकरी नाऊ." रोजचं आणि आत्ताचं, दोन्ही एकाच खिडकीतून दिसत होतं. एवढं चोख उदाहरण लंडनच्या मास्तरांनाही मिळालं नसेल.

त्या दिवसापासून दरवर्षीची दहावी त्या खिडकीवर शिकली. काकू गोधडी धोपटतात, काकू गोधडी धोपटत आहेत. काकू कोंबडी हाकलतात, हाकलत आहेत. सगळी क्रियापदं पडवीत हजर होती. एकदा सर वर्गात असतानाच वच्छलाबाई बोळातून ओरडल्या की तेलाची बाटली आणायला सांगितली होती ती कुठे आहे, तर नवलनं उठून "काकू स्कोल्ड्स सर एव्हरी डे, काकू इज स्कोल्डिंग सर नाऊ" असं बिनचूक म्हणून दाखवलं. सरांनी त्याला बाकावर उभं केलं आणि दहापैकी दहा गुणही दिले.

आता वच्छलाबाईंची बाजू. त्या चौथी शिकलेल्या, धुळ्याच्या अलीकडच्या एका गावच्या पाटलांच्या घरातल्या. त्यांना चुलीपुढून एवढंच दिसायचं की रोज सुट्टीच्या आधी पोरापोरींची तोंडं गजांना लागतात आणि भाकरीकडे टक लावून बघत राहतात. बाईचा जीव कळवळला. पोरं उपाशीपोटी शाळेत येतात, आणि आपण यांच्यासमोर खुशाल भाकरी थापतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पीठ जास्तीचं मळलं. सुट्टी झाली की चतकोर चतकोर भाकर आणि वर शेंगदाण्याची चटणी असं गजांतून आत जायला लागलं. पोरं खात. सरही बघत. त्यांना वाटलं, बायको हौसेनं देते. तिनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. नवराबायकोचे बहुतेक घोटाळे अशाच बिनबोभाट पद्धतीनं होतात.

पण वच्छलाबाईंनी त्या चतकोरांवर आयुष्याचा हिशेब बांधला होता. स्वतःचं शिक्षण राहिलं ते राहिलं, पण आपल्या भाकरीवर एवढी लेकरं शिकली, हे त्या आपल्या लेकीच्या सासरी सांगत, जळगावात मेहरूणच्या तळ्यावर फिरायला आलेल्या बायकांना सांगत. सरांनी निवृत्त होऊन जळगावला पिंप्राळ्यात घर केलं तेव्हा वास्तुशांतीच्या भटजींनाही त्यांनी सांगितलं होतं.

या वर्षी उन्हाळ्यात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आलेली असताना, नवलच्या दहावीच्या बॅचनं शाळेत स्नेहमेळावा घेतला. नवलचं आता पाण्याच्या मोटारींचं मोठं दुकान आहे, त्यामुळे मांडव मोठा होता आणि दाळबट्टीत तूप हात आखडून पडलं नव्हतं. पुढच्या रांगेत सर आणि वच्छलाबाई, दोघांच्या मांडीवर नारळ. नाशिकला दवाखान्यात सिस्टर असलेल्या, त्याच बॅचच्या मोनालीनं काकूंच्या पाया पडून शेजारची खुर्ची धरली.

भाषणं झाली. एकजण माइकवर गहिवरून म्हणाला, "सर, वुई आर लव्हिंग यू." सरांचे डोळे भरून आले होते, तरी ते उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "वुई लव्ह. लव्हला आयएनजी लावत नाहीत. नो म्हणजे जाणणं, वॉन्ट, लव्ह, ही कामं नाहीत, मनात असतात. चालू झाली, बंद झाली, असं त्यांचं नसतं." मांडवानं टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाईंनीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

मग नवल उठला. त्यानं नुसता हात वर केला आणि सगळी बॅच, टक्कल पडलेली, केस पिकलेली, लेकरं कडेवर घेतलेली, प्रार्थनेच्या चालीवर म्हणायला लागली, "काकू मेक्स भाकरी एव्हरी डे. काकू इज मेकिंग भाकरी नाऊ." पुढे गोधडी, पुढे कोंबडी, आणि शेवटी ते तेलाच्या बाटलीचं. हसून हसून मांडव हलायला लागला. सर तर फुलून गेले होते. एवढ्या वर्षांनी एकही 'एस' कुणी विसरलं नव्हतं.

वच्छलाबाईंना इंग्रजी येत नसलं तरी काकू, भाकरी आणि सर हे तीन शब्द कळत होते. त्यांनी मोनालीला विचारलं, "काय म्हनी राहिनात गं?" मोनालीनं प्रेमानं सगळं समजावून सांगितलं, खिडकीसकट.

"म्हंजे तुम्ही भुक्या नव्हतात?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नाही हो काकू," मोनाली हसत म्हणाली. "आमचे डबे असायचे. सर म्हणायचे बघा, म्हणून आम्ही बघायचो."

वच्छलाबाईंनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला. जेवताना त्यांनी बट्टी कुस्करली आणि तशीच ठेवली.

परतीच्या बसमध्ये सरांनी नवलची तारीफ केली, मोटारींची केली, तुपाची केली. वच्छलाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. पारोळा गेल्यावर त्यांना संशय आला आणि एरंडोलपर्यंत खात्री झाली. घरी येऊन त्यांनी मास्तरांना जमतं तेच केलं, म्हणजे समजावून सांगितलं. पांझरा कशी कोरडी, लोटन कसा बेभरवशाचा, आणि साध्या वर्तमानकाळाला कायम खरं असणारं उदाहरण कसं लागतं. आपल्या मते ते बायकोची थोरवी गात होते.

वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "इतली वर्षं माले वाटनं, लेकरं भुक्या शेतस," त्या म्हणाल्या. "मी जीव लाई देत व्हती. आनि बठ्ठी शाळा, पुरी शाळा, माले देखी राहिनी व्हती, म्हैस देखतस तशी." मग उठून पिशवी भरायला घेतली. "मी आखाजीले माहेरी जास."

आखाजीला लेकीनं माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, हा खानदेशातला रिवाज. पण वच्छलाबाई लग्नाची पहिली एकदोन वर्षं सोडली तर कधी गेल्या नव्हत्या. आखाजी यायची आणि सरांचे पेपर तपासायचे असायचे, आणि पेपर तपासताना त्यांना वेळेवर चहा लागायचा. पेपर बंद होऊन वर्षं लोटली तरी चहा तसाच राहिला होता. सर म्हणाले, "जाऊन ये, चार दिवस बरं वाटेल." परत कधी येणार हे त्यांनी विचारलं नाही, कारण बायको परत न येण्याची कल्पनाच त्यांच्या डोक्यात नव्हती.

आखाजी झाली. सरांनी खानावळीचा डबा लावला, त्यातली भाजी रोज त्याच रंगाची येई. त्यांनी मेव्हण्याला, पुना नानांना फोन केला. पुना नाना म्हणाले, "अक्का झोक्यावर शे, दाजी." दुसऱ्या दिवशी केला, तरी अक्का झोक्यावर. संध्याकाळी केला, तरी तेच. सर वैतागून सवयीनं म्हणाले, "रोज की आत्ता?"

"रोज बी आनि आते बी," पुना नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांची झोप उडाली ती इथे. चालू वर्तमानकाळाचा आणखी एक उपयोग असतो, तो ते दहावीला शेवटी शिकवत. सध्यापुरतं, तात्पुरतं जे असतं त्याला आयएनजी. कायमचं झालं की साधा काळ. वच्छला भावाकडे 'स्टेइंग' आहे तोवर काळजी नाही. पण ती तिथे 'लिव्ह्स' झाली तर? एवढी वर्षं फळ्यावर सुखानं लिहिलेला फरक आता त्यांच्याच घरात शिरला होता. शेजारचे विचारत, "सर, वहिनी?" आणि सर पहिल्यांदाच उलट प्रश्न न करता "येईल" एवढंच म्हणत.

एकदा त्यांनी भाकर करून बघायचं ठरवलं. पिठाला पाणी जास्त झालं, पाण्याला पीठ जास्त झालं, असं करत परात भरली. थापलेली भाकर परातीतून सुटेना, सुटली ती हाताला चिकटून आली. शेवटी ते पिठाचे हात तसेच घेऊन ओट्याशी उभे राहिले. त्यांना आठवलं, आपण रोज खिडकीतून ही भाकर बघितली, पोरांना दाखवली, पण ती परातीतून तव्यावर जाते कशी हे कधी बघितलंच नाही. मग काय बघत होतो आपण? या प्रश्नाचं उत्तर डोक्यात आलं तेव्हा सर घरात एकटे असूनही लाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी केळ्यांची एक मोठी फणी घेतली आणि धुळ्याची बस पकडली.

उन्हं कलताना ते सासुरवाडीला पोचले. नानांच्या अंगणात निंबाला झोका बांधलेला. भोवती गल्लीतल्या बायका, आणि पाटावर उभ्या वच्छलाबाई. पदर कमरेला खोचलेला, चपला कुठेतरी भिरकावलेल्या, झोका असा वर चाललेला की खालून पुना नाना "अक्का, सांभाळी" म्हणत होते. आखाजी होऊन गेली होती, पण वच्छलाबाईंनी झोका सोडू दिला नव्हता. बऱ्याच वर्षांची बाकी होती म्हणे. सर केळी छातीशी धरून फाटकात उभे राहिले. बायकोला असं हसताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

नानांच्या बायकोनं, सुनितानं, त्यांना आधी पाहिलं. तिनं पदर सावरला आणि लगेच गाण्याला शब्द जोडला, "जयगावना सर उनात वं बाई, संगे केया लयनात." जळगावचे सर केळी घेऊन आले, हे बायकांनी उचलून धरलं. सर तांबडे झाले तर त्यावरही ओळ झाली. घाम पुसला तर घामावर झाली. केळी कुठे ठेवावी ते कळेना म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर तेही गाण्यात आलं. ते जे जे करत ते तिथल्या तिथे सगळ्यांच्या तोंडी जात होतं आणि गल्लीतली माणसं कुंपणाशी येऊन बघत होती. सरांना पळून जावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत तासाला मधेच कुणाला बाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते आठवून ते उभे राहिले.

झोका हळू झाला. वच्छलाबाई पाटावर बसल्या आणि हात वर करून त्यांनी गाणं थांबवलं. "सांगा," त्या म्हणाल्या, "त्या खिडकीतून काय काय दिसत व्हतं?"

सर चांगला विद्यार्थी उभा राहावा तसे उभे राहिले. "पिठाची गिरणी," ते म्हणाले. "हापशी. लोटनची म्हैस. पोस्टमनची सायकल. मारुतीचा पार."

"मंग मीच काबरं?"

"तुझा खाडा नसायचा, म्हणून," सर म्हणाले. उत्तर खरं होतं. पण बायकांपैकी एकीनंही मान हलवली नाही आणि वच्छलाबाई पायानं झोक्याला रेटा द्यायच्या बेतात आल्या. सरांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा व्याकरण सांगितलं.

"थांब," ते म्हणाले. केळी त्यांनी पुना नानांच्या हातात दिली. "ते उदाहरण मागून सुचलं. खिडकीत मी आधीपासून जायचो. सकाळची घंटा व्हायच्या आधी, वर्गात पोरं नसताना. तू चुलीपुढे बसलेली असायचीस. म्हैस होती, सायकल होती, पण मला दुसरं काही दिसायचंच नाही. नवल एकदा लवकर आला आणि त्यानं विचारलं, सर, काय बघताय? मला सांगता येईना. म्हणून मी बोट दाखवून म्हटलं, लुक."

सुनितानं पदर तोंडाला लावला. वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तसा रागही आला.

"बठ्ठ्या पोरेसले सांगी दिनं," त्या म्हणाल्या. "माले एकलीले सांगाले काय व्हयनं व्हतं?"

झुलाल सरांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. वच्छलाबाईंनी डोळे पुसले, दोन्ही दोर पुन्हा घट्ट धरले आणि पाटावर थोड्या सरकून नीट बसल्या.

"घर कव्हय येवानं ते मी देखसू," त्या म्हणाल्या. "आते मांगे उभे ऱ्हा, आनि झोका द्या. जोरमा."

सर चपला काढून मागे गेले. बायकांनी पुढची ओळ उचलली, कुंपणाशी आणखी माणसं जमली, आणि सरांनी दोन्ही हातांनी झोका वर लोटला.